चित्रांची चाल

जुना मूकपट पडद्यावर लागला की पाहणाऱ्यांत हशा पिकतो. पडद्यावरची माणसे तुरुतुरु चालतात, झटका बसल्यासारखी मान वळवतात आणि पापणी लवते न लवते तोच हातातले काम उरकून मोकळी होतात. राजा राज्य सोडून निघाला आहे, राणी अश्रू ढाळीत आहे, आणि आपण मात्र पोट धरून हसत आहोत, असा विपरीत प्रकार घडतो. 'त्या काळी माणसे अशीच चालत असतील,' असे लहान मुले म्हणतात. 'त्या काळची यंत्रेच ओबडधोबड,' असे मोठी माणसे म्हणतात. दोघांचेही म्हणणे खरे नाही. त्या काळची माणसे आपल्याइतक्याच सावकाश चालत, आणि त्या काळच्या यंत्राने त्यांची चाल इमानाने टिपून ठेवली होती. त्यांना पळायला लावतो ते आपण.

हे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे. चलच्चित्र म्हणजे हलणारे चित्र नव्हे. एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची ती माळ असते. या प्रत्येक चित्राला 'फ्रेम' म्हणतात, आणि एका सेकंदात किती फ्रेम घेतल्या त्या आकड्याला 'फ्रेम-रेट'. ज्या गतीने चित्रे घेतली त्याच गतीने ती दाखविली, तर चाल खरी दिसते. सेकंदाला सोळा घेतली आणि चोवीस दाखविली, तर माणूस दीडपट वेगाने पळतो. मी कला शाखेची पदवीधर. गणिताशी माझे फारसे सख्य नाही. परंतु या विषयात बीजगणित लागत नाही, त्रैराशिक मांडता आले की पुरे.

आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्र्यंबक तेलंग हे त्याचे छायालेखक. त्या वेळच्या कॅमेऱ्याला मोटार नव्हती. दांडा हाताने फिरवावा लागे. एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला दोन फेरे, म्हणून सोळा चित्रे, असा त्या काळचा सर्वसाधारण हिशेब होता. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावत, म्हणजे सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म पुढे सरके. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगतात. या हिशेबाने तो १ तास १ मिनिट ४० सेकंद चालेल. तोच आजच्या चोवीसच्या यंत्रावर लावला, तर सुमारे ४१ मिनिटांत आटोपेल. वीस मिनिटे कोठे गेली? चित्र तर एकही गळाले नाही. गेला तो चित्राचित्रांमधला विसावा. दत्तात्रय दामोदर दाबके यांच्या हरिश्चंद्राची गंभीर पावले आणि अण्णा साळुंके यांच्या तारामतीचा शोक यांना जो अवकाश हवा होता, तोच आपण काढून घेतला. मग हसू आले, तर दोष कोणाचा? १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने या कथेची जी रिळे जपली, ती १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. आवृत्ती कोणतीही असो, ती दाखविताना गतीचा विचार आधी करायला हवा.

चित्रांच्या गतीला शिस्त लावली ती आवाजाने. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट झळकला. पुढल्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभात कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. बोलपटात आवाजाची पट्टी चित्रांच्या शेजारीच, त्याच फिल्मवर असते. डोळा भोळा असतो. गती थोडी कमीअधिक झाली तरी तो सांभाळून घेतो. कान मात्र तसा नाही. फिल्म जलद पळाली की गायकाचा स्वर चढतो आणि मंद झाली की उतरतो. ते कानाला मुळीच खपत नाही. म्हणून गती ठरवून टाकणे भाग पडले आणि सेकंदाला २४ हा नेम जगभर रूढ झाला. एकाच राजाची कथा एकोणीस वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या गतींत सांगितली गेली, ती अशी.

पुढे दूरचित्रवाणी आली आणि तिने आपले वेगळे आकडे आणले. आपल्या देशात विजेच्या प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५०. त्याच्या निम्मे म्हणून येथे २५ चित्रांची पद्धत आली. अमेरिकेत आवर्तने ६०, म्हणून तेथे ३० चित्रे. १९५३ मध्ये तेथे रंगीत चित्रांची पद्धत मुक्रर झाली. तेव्हा जुन्या कृष्णधवल संचांवरही तेच प्रक्षेपण नीट दिसावे, म्हणून तीसच्या आकड्यातून हजारातला एक अंश कमी करण्यात आला, आणि २९.९७ हा विचित्र आकडा जन्मास आला. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण तीसचा हिशेब धरून बसलेला माणूस तासाभरात ३.६ सेकंदांनी चुकतो. ओठ हलल्यानंतर साडेतीन सेकंदांनी शब्द ऐकू आला, तर ते भाषण कोण ऐकेल?

तुम्ही म्हणाल, बाई, हे सारे जुन्या काळचे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्याला काय धाड भरली आहे? त्याचेही उत्तर आपल्या गावातच आहे. हट्ट्याची जुनी बावडी तुम्हां सर्वांच्या परिचयाची. गेल्या वर्षी नववीच्या काही मुलामुलींनी तिचे चित्रण केले. एक मुलगी वरच्या उन्हातून बोलत बोलत पायऱ्या उतरते, दगडी खांबांपाशी येते आणि खालच्या दालनाच्या सावलीत शिरते, असा तो प्रसंग. मुलीचे बोलणे स्पष्ट, उच्चार शुद्ध. परंतु संगणकावर संकलनास बसल्यावर असे दिसले, की वरच्या पायरीवर शब्द आणि ओठ जुळतात, आणि खाली उतरावे तसतशी त्यांची फारकत होते. मुले बुचकळ्यात पडली. एकाने तर बावडीत काही तरी असल्याची शंकाही काढली!

तेथे भूत नव्हते, अंधार होता. फोन आपली गती सेकंदाला ३० सांगतो खरा. पण उजेड कमी झाला की पुरेसा प्रकाश गोळा करण्यासाठी तो एकेका चित्राला अधिक वेळ देतो. साहजिकच सेकंदातली चित्रे कमी भरतात. कोणते चित्र कोणत्या क्षणाचे, याची नोंद तो करून ठेवतो. परंतु संकलनाची काही सॉफ्टवेअरे ती नोंद नीट वाचत नाहीत आणि सर्व चित्रे सारख्या अंतराची आहेत असे धरून चालतात. आवाज आपल्या ठरल्या गतीने जातो, चित्रे आपल्या चालीने जातात, आणि दोघांची चुकामूक होते. यालाच बदलता फ्रेम-रेट म्हणतात.

उपाय अवघड नाही, पण तो आरंभीच करावा लागतो. कापाकापी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याची माहिती उघडून त्याची गती पाहावी. ती बदलती असेल, तर हँडब्रेकसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून त्याची स्थिर गतीची प्रत काढावी आणि संकलन त्या प्रतीवर करावे. मूळ चित्रण मात्र पुसू नये. टाइमलाइनची गतीही पहिल्याच दिवशी ठरवावी. तीसचे चित्रण पंचविसात बसविले, की दर सहा फ्रेमांपैकी एक गळते आणि चालणाऱ्या माणसाला बारीक ठेच लागल्यासारखी दिसते. दोन-तीन फोनांनी एकाच वेळी चित्रण करायचे असेल, तर सुरुवातीला एक टाळी वाजवावी आणि शेवटीही एक वाजवावी. पहिली टाळी जुळून दुसरी जुळली नाही, तर गतीत घोळ आहे असे खुशाल समजावे. मुलांनी स्थिर गतीची प्रत काढली, आणि ती मुलगी खालच्या पायरीवरही आपल्याच ओठांनी बोलू लागली.

हा विषय मला एवढा जिव्हाळ्याचा का, असे कोणी विचारील. त्याला एक घरगुती कारण आहे. माझे माहेर गोव्याचे. आमच्या बाजूची पुष्कळ माणसे बोटीवर नोकरीस असत. माझ्या आईचे मामाही त्यांपैकीच. परदेशातून येताना त्यांनी ८ मिलिमीटर फिल्मचा एक छोटा कॅमेरा आणला होता, आणि १९६४ च्या सुट्टीत घरच्या मंडळींचे एक रीळ त्यांनी त्यावर घेतले. त्या रिळात माझी आजी आहे. मी तिला पाहिलेले नाही. आई नऊ वर्षांची असतानाच ती वारली, आणि घरात तिचा फोटोही एकच, तोही लग्नातला, मान खाली घातलेला. ते रीळ पत्र्याच्या डबीत अनेक वर्षे पडून होते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शहरातल्या दुकानातून त्याची संगणकीय प्रत करून घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत सारे घर ती पाहायला बसले.

आजी पडद्यावर आली. विहिरीवरून कळशी घेऊन अंगणाकडे निघाली, आणि अक्षरशः पळत सुटली! कमरेवर भरलेली कळशी, आणि पावले मात्र शर्यतीतल्यासारखी. पोरेबाळे हसली. आई हसली नाही. तिने एवढेच म्हटले, "म्हजी आवय अशी धांवनासली." माझी आई अशी धावत नसे. आणि ती उठून आत गेली.

मी डबी पुन्हा हातात घेतली. झाकणाच्या आतल्या बाजूला मामांनी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिल्या होत्या: गावाचे नाव, १९६४ हे साल, आणि '१६' हा आकडा. दुकानदाराने तो आकडा विचारला नव्हता. त्याने फ्रेम ओळीने मांडून सेकंदाला पंचवीसप्रमाणे सोडून दिल्या होत्या. तशा फिल्मच्या एका फुटात ८० चित्रे असतात आणि रीळ ५० फुटांचे, म्हणजे एकूण ४,००० चित्रे. सोळाच्या गतीने ती ४ मिनिटे १० सेकंद चालावयास हवीत. आमच्यापुढे ती २ मिनिटे ४० सेकंदांत संपली होती. त्यांतल्या ३०४ चित्रांत आजी आहे. एकोणीस सेकंदांची माझी आजी बारा सेकंदांत अंगण ओलांडून गेली होती.

समाधानाची गोष्ट ही, की चित्र एकही हरवले नव्हते. हुकूम तेवढा चुकीचा होता. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या तुकड्याला 'तुझी गती अमुक' असे सांगण्याची सोय असते. तेथे १६ हा आकडा भरला. आता प्रश्न टाइमलाइनचा. सोळा चित्रे पंचवीस घरांत बसवायची, तर नऊ चित्रांना दोनदा यावे लागते आणि सातांना एकदाच, चाल लंगडते. चोवीस घरे केली, तर एकाआड एक चित्र दोनदा येते. थोडे बरे दिसते. परंतु अठ्ठेचाळीस घरे केली, की प्रत्येक चित्र बरोबर तीनदा येते आणि कोणाला कमी नाही, कोणाला अधिक नाही. गंमत अशी, की मूकपटांच्या काळातील कित्येक प्रक्षेपकांत हीच युक्ती होती. त्यांच्या फिरत्या झडपेला तीन पाती असत, आणि एकच चित्र पडद्यावर तीनदा चमकून मग पुढचे येई. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी हे गणित आधीच सोडवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला बोलावले. या वेळी आजी सावकाश आली. तिच्या उजव्या पायात काही अधू होते. तो टेकताना ती किंचित वाकत असे आणि कळशी त्या लयीत डुलत असे. पंचवीसच्या घाईत हे कोणालाही दिसले नव्हते. आईने पुन्हा लावायला सांगितले, मग आणखी एकदा. शेवटी ती हळूच म्हणाली, "आतां आयली." आता आली. साठ वर्षांपूर्वीच्या एका चालीची खूण नऊ वर्षांच्या मुलीने मनात जपली होती, आणि आकडा बरोबर भरताच ती पटली.

येथे एक मोह टाळावा लागला, तोही सांगते. आजची सॉफ्टवेअरे दोन चित्रांच्या मधले, कधी न घेतलेले चित्र स्वतः कल्पून भरू शकतात. त्यामुळे चाल लोण्यासारखी मऊ होते. पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' या २०१८ च्या चित्रपटात पहिल्या महायुद्धातील सैनिकांची जुनी, निरनिराळ्या गतींनी घेतलेली चित्रणे अशाच उपायांनी चोवीसला आणली. ते सैनिक प्रथमच माणसांसारखे चालताना दिसले, आणि पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले. मोठ्या कामात त्या युक्तीचे मोल आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु माझ्या आजीची ३०४ च चित्रे जगात आहेत. त्यांत संगणकाने कल्पिलेली आणखी शेकडो मिसळावीत, हे मनाला पटेना. तिची चाल तिची तिला परत दिली, तेवढे पुरे. नवी चाल शिकविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

डबीवर आकडा नसता तर? तर निसर्गाला साक्षीस बोलवावे. घड्याळे बदलली, यंत्रे बदलली, तरी खाली पडणाऱ्या नारळाने आपली गती बदललेली नाही. पाच मीटर उंचीवरून सुटलेला नारळ सुमारे एका सेकंदात जमिनीला टेकतो. तो किती फ्रेमांत खाली आला ते मोजावे. सोळा भरल्या तर सोळाची गती. नारळ नसेल तर पोहऱ्यातून पडणारे पाणी पाहावे, ढोलाचा ठेका पाहावा, म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

एखाद्या वेळी गती मुद्दामच बदलायची असते, आणि त्यातही मौज आहे. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणे पेरून महिन्याहून अधिक काळ अंतराअंतराने त्यांची चित्रे घेतली आणि 'अंकुराची वाढ' हा लहानसा पट तयार केला. महिन्याची वाढ जेमतेम मिनिटाभरात डोळ्यांपुढे उभी राहिली. सोळाच्या हिशेबाने मिनिटाला ९६० चित्रे लागतात. रात्रंदिवस सारखे अंतर ठेवून तीस दिवसांत ती घ्यायची, तर दर पाऊण तासाने एक चित्र आले. यंदा रोवणीच्या आधी आपल्या मुलांनी वर्गाच्या खिडकीत डब्यात धान पेरून हाच प्रयोग केला. अर्ध्या तासाला एक चित्र, दहा दिवस, एकूण ४८० चित्रे. पंचविसाच्या गतीने ती १९ सेकंदांत संपतात. त्या एकोणीस सेकंदांत पऱ्ह्याचे इवलेसे पाते उजेडाकडे वळताना पाहून, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या धान पिकते, ती मुलेही थक्क झाली. येथे वेळेशी खेळ केला, पण तो सांगून केला. पहिल्याच फ्रेमवर 'अर्ध्या तासाला एक' असे लिहून ठेवले.

मी कोकणी बोलत वाढले, आणि आता ज्या गावात शिकविते तेथे घरी पवारी, बाजारात हिंदी आणि वर्गात मराठी चालते. प्रत्येक बोलीची आपली एक लय असते. नवख्याला ती कधी फार जलद वाटते, कधी फार संथ, आणि हसू येते. चार महिने कान देऊन ऐकले, की हसू मावळते आणि अर्थ उमटू लागतो. मागल्या पिढ्यांचेही असेच आहे. त्यांना आपल्या गतीच्या साच्यात कोंबले, की ती बावळट दिसतात. त्यांची गती त्यांना विचारून घेतली, की ती आपल्यासारखीच, आणि कित्येकदा आपल्याहून धीराची, माणसे असल्याचे कळते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत घरी आजी-आजोबांचे चित्रण कराल, त्यांच्या गोष्टी, ओव्या, रोवणीची गाणी टिपून ठेवाल, तेव्हा एवढे जरूर करा: त्यासोबत गाव, तारीख, माणसाचे नाव आणि फ्रेम-रेटचा आकडा लिहून ठेवा. तुमच्या फोनचे नाव पन्नास वर्षांनी कोणाला आठवणार नाही, आणि त्या वेळची यंत्रे कोणत्या गतीने धावतील ते आज कोणी सांगू शकत नाही. पण पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा तुमच्या नातवंडांच्या हाती पडला, तर तुमच्या घरची माणसे त्यांच्यापुढे आपल्या पावलांनी चालत येतील.